ट्रेलरमधल्या गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास: टाकी, रॉड आणि दोन-तीन विसरलेले व्हॉल्व्ह

प्रश्न थोडक्यात असा आहे. फीनिक्सजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने २०१६ सालचा वापरलेला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेतला आहे. त्यात ६ गॅलनचा वॉटर हीटर आहे, गॅसवरही चालतो आणि विजेवरही. गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, शॉवरला पाणी कोमटच येते, वीज चालू केली की टाकीतून तडतड ऐकू येते आणि बाहेरच्या झाकणातून थेंब-थेंब पाणी गळते. ऑक्टोबरअखेर पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला जायचे आहे. हीटर बदलावा का, असे त्यांनी विचारले आहे.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तरी बदलायची गरज दिसत नाही. मी १७ वर्षे फीनिक्सजवळच्या मेसा गावाच्या आसपास लोकांच्या दारात जाऊन आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरे, दुरुस्त करतो. हीटर गेला म्हणून मला बोलावतात आणि निम्म्याहून जास्त वेळा हीटर धडधाकट असतो. तुमच्या चार तक्रारींची कारणे चार वेगवेगळी आहेत. त्यांतल्या तिघांचा उपाय एका सकाळी घरच्या घरी होतो.

पण आधी वास. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात आणि त्याचा वासही साधारण असाच, सडक्या अंड्या-कांद्यासारखा येतो. म्हणून वास पाण्याचा आहे की गॅसचा, हे ठरल्याशिवाय पुढचे काहीही करू नका. फक्त गरम पाण्याचा नळ सोडल्यावर वास येतो आणि नळ बंद केला की जातो, तर तो टाकीतला. नळ बंद असतानाही येत असेल, विशेषतः जमिनीलगत, तर तो गॅस समजा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. अशा वेळी कुठलेही बटण दाबायचे नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचे, सिलिंडरचा कॉक बंद करायचा आणि जाणत्या माणसाला बोलवायचे. एक गोष्ट इथेच सांगतो. आतला गॅस डिटेक्टर आणि कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर उलटवून मागची तारीख बघा. ही यंत्रे साधारण ५ ते ७ वर्षांत बाद होतात. तुमचा ट्रेलर २०१६ चा, म्हणजे कुणी बदलले नसतील तर त्यांची मुदत केव्हाच संपली आहे.

वास पाण्याचाच आहे असे धरून पुढे जातो.

अमेरिकेतल्या ट्रेलरमध्ये टाकीचे हीटर प्रामुख्याने दोन जातीचे दिसतात आणि त्यांची देखभाल वेगळी आहे. सबर्बनची टाकी पोलादाची, आतून काचेचा लेप दिलेली. अ‍ॅटवुडची, म्हणजे २०१४ साली डोमेटिकने घेतलेल्या कंपनीची, टाकी अ‍ॅल्युमिनियमची. पोलादी टाकीत अ‍ॅनोड रॉड असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत नसतो आणि बसवायचाही नसतो. बाहेरचे दार उघडून खालच्या बाजूला बघा. धातूचे मोठे षट्कोनी डोके दिसले तर तो रॉडच आहे, पाणी काढायचे बूचही तेच. प्लास्टिकचे छोटे बूच असेल तर टाकी अ‍ॅल्युमिनियमची. त्या प्लास्टिकच्या जागी टिकाऊ म्हणून पितळेचे बूच लावणारे लोक भेटतात. तसे करू नका. अ‍ॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात, एकदा फाटले की टाकीच जाते. प्लास्टिकचे बूच अगदी स्वस्त मिळते, दर वेळी नवे लावले तरी चालेल.

तुमच्या वर्णनावरून टाकी पोलादी दिसते. अ‍ॅनोड रॉड म्हणजे मॅग्नेशियमची किंवा अ‍ॅल्युमिनियमची बोटभर जाडीची कांडी. पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की जो जास्त सहज झिजतो तो आधी झिजतो आणि दुसरा वाचतो. काचेच्या लेपाला कुठे ना कुठे बारीक भेग असतेच. तिथून पाणी पोलादाला भिडते, पण झीज रॉड स्वतःवर घेतो. रॉड संपला की पोलादाची पाळी. मी टाकीतून असे रॉड काढले आहेत की हातात नुसती मधली तार आली. त्यांपैकी काही टाक्यांना पुढच्या हंगामात भोक पडले. हीटरच्या देखभालीत एकच काम करायचे ठरवले तर हे करा: वर्षातून एकदा रॉड काढून डोळ्यांनी बघा. तीन चतुर्थांश झिजला असेल तर बदला. आपल्याकडचे पाणी जड, क्षारांचे, आणि ट्रेलर उन्हात वर्षभर भरलेला उभा राहतो. इथे काही रॉड एका वर्षातच संपतात.

आता काढायचे कसे. इथे मी सावकाश सांगतो, कारण या कामात माणसे भाजतात. सुरुवातीच्या वर्षांत घाईत मीही कोपरापर्यंत भाजून घेतले आहे. हीटर बंद होता, तासाभरापूर्वी बंद केला होता, आणि मी नळ उघडून बघितला नव्हता. या टाक्यांना चांगले आवरण असते, पाणी रात्रभर गरम राहते. म्हणून आदल्या संध्याकाळी गॅस आणि वीज दोन्ही बंद करा. सकाळी गरम पाण्याचा नळ सोडून गार पाणी येईपर्यंत वाहू द्या. मग बाहेरच्या पाण्याची नळी काढा, पंप बंद करा. आतला गरम नळ उघडाच ठेवा. बाहेर येऊन वरच्या सुरक्षा-झडपेची दांडी सावकाश उचला. फिसकन आवाज आला तर आत अजून दाब आहे, तो जाऊ द्या. हवा-पाणी यायचे थांबले की मगच बुचाला हात लावा.

सबर्बनच्या रॉडला १ १/१६ इंचाचे सॉकेट लागते. भारतातून आणलेल्या पेटीत २७ मिलिमीटरचे असेल तर तेही बरोबर बसते, फरक नगण्य आहे. लांब दांडा घ्या, कारण काही रॉड वर्षानुवर्षे उघडलेले नसतात. सोडताना समोर उभे राहू नका, बाजूला राहा. पाणी लोंढ्याने येते आणि त्याबरोबर पांढरे पापुद्रे, वाळूसारखे कण, कधी करड्या रंगाचा चिखल. घाबरू नका, नेमके तेच बाहेर काढायचे आहे. बुचाचे भोक टाकीच्या अगदी तळाला नसते, म्हणून गाळ आपोआप पूर्ण निघत नाही. आरव्हीच्या दुकानात टाकी धुवायची वाकडी बारीक नळी मिळते. ती बागेच्या पाइपला लावून भोकातून आत घाला, डावीकडे-उजवीकडे फिरवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पंधरा मिनिटे लागोत की अर्धा तास, कंटाळू नका.

तुमची तडतड याच गाळाची आहे. गावाकडे तांब्याच्या बंबाच्या आतून पांढरा थर धरायचा आणि पाणी तापायला दुप्पट लाकडे लागायची, तसाच प्रकार. क्षाराचा थर इलेमेंटवर, म्हणजे विजेने पाणी तापवणाऱ्या सळईवर, आणि तळाशी बसतो, थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात आणि आवाज येतो. टाकीला लगेच धोका नसतो, पण इलेमेंट त्या थराखाली जास्त तापून लवकर जातो.

थर घट्ट असेल तर पांढरे व्हिनेगर. टाकी रिकामी करून बूच लावा. हिवाळ्यात अँटिफ्रीझ (नळ्या गोठू नयेत म्हणून भरायचा द्रव) ओढायला पंपाजवळ जी छोटी नळी असते तिच्यातून दोन भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी टाकीत भरा. बायपास, म्हणजे टाकी टाळून पाणी सरळ नळांकडे नेणारी वाट, बंद आहे ना, ते आधी बघा, नाहीतर सगळे व्हिनेगर नुसते नळांतून फिरून जाईल. ६ गॅलनच्या टाकीला ४ गॅलन व्हिनेगर लागते. दोन-तीनदा तापवा, गार होऊ द्या, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा धुवा.

वासाचे मूळ वेगळे आहे. काही पाण्यात सल्फेट असते आणि त्यावर जगणारे जिवाणू असतात. माणसाला त्यांचा अपाय नाही, पण ते सल्फेटचे हायड्रोजन सल्फाइड करतात. बंद, कोमट, अंधाऱ्या टाकीत ते फोफावतात. मॅग्नेशियमचा रॉड झिजताना त्यांना आयते खाद्य मिळते. यावर उपाय क्लोरीनचा. सुगंध नसलेले घरगुती ब्लीच, दर १५ गॅलन पाण्याला पाव कप. ते ताज्या पाण्याच्या टाकीत मिसळा, पंप चालू करून प्रत्येक नळाला, गरम आणि गार दोन्ही, ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा. वॉटर हीटरही त्याच पाण्याने भरला पाहिजे. तीन-चार तास ठेवा, मग सगळे काढून वास जाईपर्यंत स्वच्छ पाणी फिरवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद ट्रेलरमध्ये तो जिवावर बेततो. आधी व्हिनेगर, मग भरपूर धुणे, मग वेगळ्या दिवशी ब्लीच, असा क्रम ठेवा. महिन्याभरात वास परत आला तर मॅग्नेशियमऐवजी अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा रॉड लावा. वासाला कंटाळून रॉडच काढून टाकणारे आहेत. वास जातो खरा, पण टाकीही जाते.

रॉड परत लावताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या. आधी हाताने चार-पाच वेढे फिरवा. सहज फिरला तरच पाना लावा. तिरका गेला आणि पान्याने रेटला तर आटे जातात.

आता कोमट पाणी. इथे हीटरला दोष देण्याआधी ट्रेलरच्या बाहेरचा शॉवर उघडून बघा. बहुतेक ट्रेलरला बाहेरून छोट्या झाकणामागे एक शॉवर असतो. त्याच्या तोंडाशी बटण असते, ते बंद केले की लोकांना वाटते शॉवर बंद झाला. मागचे गरम आणि गार दोन्ही नळ उघडेच राहतात. तिथून गार पाणी गरम पाण्याच्या नळीत शिरते आणि सगळ्या घराला कोमट पाणी मिळते. माझ्याकडे येणाऱ्या कोमट पाण्याच्या तक्रारींत हे कारण इतक्यांदा निघते की मी आता फोनवरच ते विचारतो.

ते बंद असेल तर बायपास. हिवाळ्यात अँटिफ्रीझ टाकीत जाऊ नये म्हणून हीटरच्या मागे एक, दोन किंवा तीन व्हॉल्व्ह असतात. जुन्या मालकाने वसंतात ते अर्धवट फिरवले असतील. टाकीत जाणारा आणि टाकीतून येणारा उघडा हवा, दोन्ही नळ्यांना जोडणारा मधला बंद हवा. तीन व्हॉल्व्ह असतील तर एक सोपी परीक्षा आहे. टाकीत जाणारा बंद करा, मधला बंदच ठेवा, आणि स्वयंपाकघरातला गरम नळ सोडा. पाणी थोड्या वेळात थांबले पाहिजे. वाहतच राहिले तर गार पाणी कुठून तरी मिसळते आहे, बाहेरच्या शॉवरमधून किंवा आतल्या एखाद्या मिक्सर नळातून. परीक्षा झाली की व्हॉल्व्ह पुन्हा उघडा.

आणि हे व्हॉल्व्ह बघताना मनात एकच गोष्ट पक्की ठेवा: टाकीत पाणी नसताना वीज चालू करायची नाही. बंबात पाणी घातल्याशिवाय जाळ करू नये हे आपल्या आजीने सांगितलेले असते. कोरडा बंब पेटवला तर त्याचे डाग सुटायचे. इथे इलेमेंट मिनिटभरातही जळतो. भरताना गरम नळ उघडा ठेवा, खोकत-खोकत हवा निघते, मग सलग धार येते. धार सलग झाली की टाकी भरली. सबर्बनच्या बऱ्याच हीटरवर विजेचे एक बटण आतल्या पॅनेलखेरीज बाहेरही असते, हीटरच्या दारामागे खाली डाव्या कोपऱ्यात, पटकन न दिसणारे. ते बंद ठेवून मगच टाकी रिकामी करा. इलेमेंट जळला की नाही हे कळायला मल्टीमीटर पुरतो. वीज पूर्ण तोडून दोन्ही तारा सोडवा आणि रोध मोजा. १४४० वॉटचा, १२० व्होल्टचा इलेमेंट साधारण १० ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर गेला.

थेंब-थेंब गळतीबद्दल. ती वरची पितळी सुरक्षा-झडप १५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला किंवा २१० अंश फॅरनहाइटला उघडते. २२–२३ लिटर पाणी १५ अंश सेल्सिअसवरून ५४ अंशांपर्यंत तापले की पाव लिटरहून थोडे जास्त फुगते. त्या फुगवट्याला जागा म्हणून टाकीच्या वरच्या भागात हवेचा थर ठेवलेला असतो. काही महिन्यांत ती हवा पाण्यात विरघळून जाते, मग फुगलेल्या पाण्याला झडपेतूनच वाट काढावी लागते. म्हणजे थेंब येणे हे बहुतेक वेळा झडप काम करत असल्याचे लक्षण. हवा परत भरायची तर हीटर बंद करून गार होऊ द्या, पाणी बंद करा, आतला गरम नळ उघडा, झडपेची दांडी उचला आणि पाणी थांबेपर्यंत धरून ठेवा. मग दांडी सोडा, नळ बंद करा, पाणी सुरू करा. त्यानंतरही गळत असेल तर झडप बदला. मात्र एका ट्रेलरमध्ये मी या झडपेच्या तोंडाला लोखंडी बूच ठोकलेले पाहिले आहे, गळती थांबावी म्हणून. आत कुटुंब राहत होते, लहान मूल होते. थर्मोस्टॅट अडकला असता तर ती टाकी बॉम्बसारखी फुटली असती. त्या दिवशी मी त्यांच्याकडून पैसे न घेता झडप बदलली, कारण ती तशी सोडून मला घरी जाता आले नसते.

कॅम्पग्राउंडच्या नळाला दाब कधी कधी फार असतो. दाब कमी करणारा रेग्युलेटर नळाजवळ लावा, ४० ते ५० पीएसआय पुरेसा.

गॅसची बाजू मी थोडक्यात सांगतो, कारण ज्योत दिसण्यापलीकडचे काम शिकलेल्या माणसाचे आहे. ज्योत निळी, घट्ट, आवाज करणारी हवी. पिवळी, लवलवणारी ज्योत किंवा दाराच्या वर काजळी म्हणजे हवा नीट मिळत नाही. आपल्याकडे कारण बहुधा कोळी किंवा कुंभारीण माशी. या दोघांना बर्नरची नळी घरट्यासाठी फार आवडते. हीटर बंद आणि गार असताना नळी बाहेरून ब्रशने आणि हवेने साफ करा. गॅस येतो ते बारीक छिद्र तारेने किंवा टाचणीने टोकरू नका, त्याचे माप बिघडते. बाहेरच्या झाकणाला जाळी लावली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. गॅसचा दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका लागतो. तो मोजायला मॅनोमीटर हवा, ते काम माझ्यासारख्यावर सोडा. ठिणगी ऐकू येते पण पेटत नाही आणि लाल दिवा लागतो, असे झाले तर आधी बाकीची शेगडी पेटते का बघा आणि बॅटरी तपासा. उतरलेली बॅटरी हे फार नेहमीचे कारण आहे.

आता तुमचा प्रवास. साउथ रिम जवळपास ७,००० फुटांवर आहे आणि ऑक्टोबरअखेरच्या रात्री पाणी गोठते. पार्कच्या आत वीज-पाण्याची जोडणी ट्रेलर व्हिलेजमध्येच आहे, मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये नाही. मॅदरला राहिलात तर गॅसवरच तापवावे लागेल. ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज वापरा, पण तुमचा ट्रेलर ३० अँपचा असेल तर इलेमेंट एकटा १२ अँप घेतो, त्याच वेळी मायक्रोवेव्ह आणि विजेचा रूम हीटर लावलात तर ब्रेकर पडेल. सकाळी घाई असेल तेव्हा गॅस आणि वीज दोन्ही एकदम चालवा. नुसत्या विजेवर पाणी तापायला पाऊण तास ते तास, गॅसवर त्याच्या निम्मा वेळ.

रात्री हीटर चालू असला तर टाकी गोठत नाही. नळी मात्र गोठते, म्हणून झोपताना बाहेरची नळी काढून आतल्या टाकीच्या पाण्यावर राहा.

आई-बाबांसाठी एक हिशोब. टाकीतले सगळे गरम पाणी गारात मिसळून आंघोळीजोगे जेमतेम ३५ लिटर होते. शॉवरखाली ते पाच मिनिटांत संपते, बादलीने मात्र दोघांच्या आंघोळी आरामात होतात. शॉवरच्या चौकटीत मावेल अशी छोटी बादली आणि तांब्या घेऊन जा. आणि आधी गार, मग गरम पाणी घ्या. टाकीतले पाणी ५४ अंशांचे असते, त्यात अर्ध्या मिनिटात कातडी भाजते, म्हाताऱ्या माणसांची त्याहून लवकर.

परत आल्यावर ट्रेलर महिनाभर उभा राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. भरून ठेवलेल्या बंद टाकीतच वास तयार होतो. रिकामी केलीत की आतल्या पॅनेलवर वॉटर हीटरच्या बटणांवर आडवी चिकटपट्टी लावा आणि त्यावर जाड पेनाने लिहा: टाकी रिकामी. पुढच्या वेळी बटण दाबणारे तुम्ही नसाल, कदाचित बाबा असतील.